कोकराचं म्हणणं खरं होतं

ओढ्यावर एक लांडगा पाणी पीत होता आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला, बऱ्याच अंतरावर, एक कोकरू. लांडगा खेकसला, "माझं पाणी गढूळ का करतोस?" कोकरू म्हणालं, "पाणी तुमच्याकडून माझ्याकडे वाहतंय. मी ते कसं गढूळ करीन?" लांडग्याने दुसरा आरोप काढला: सहा महिन्यांपूर्वी तू मला शिव्या दिल्या होत्यास. कोकरू म्हणालं, तेव्हा तर माझा जन्मही झाला नव्हता. "मग तुझ्या बापाने दिल्या असतील," असं म्हणून लांडग्याने त्याला फाडून खाल्लं.

इसापच्या नावावर असलेली ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचा बोध काय असं विचारलं की माणसं अडखळतात. सगळ्यांशी प्रेमाने वागावं? इथे कुणीच तसं वागत नाही. खरं बोलावं? कोकरू खरंच बोललं, मुद्देसूद बोललं, आणि मेलं. या एकाच गोष्टीला वेगवेगळ्या काळच्या लेखकांनी वेगवेगळी शेपटं जोडली आहेत. ग्रीक संग्रहांतलं तात्पर्य असं, की ज्याने अन्याय करायचं ठरवलंच आहे त्याच्यापुढे न्याय्य बचावाचा उपयोग होत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फीड्रसने ती लॅटिन पद्यात आणली आणि सांगून टाकलं, की खोटी कारणं रचून निरपराधांना चिरडणाऱ्या माणसांसाठी ही गोष्ट आहे. पुढे १६६८ साली फ्रेंच कवी ला फाँतेनने तर बोध सुरुवातीलाच ठेवला: बळकटाचं म्हणणं नेहमीच वरचढ ठरतं. एक जण दुर्बळाला सावध करतो, दुसरा बलवानावर बोट ठेवतो, तिसरा कडवटपणे जगाची रीत सांगून मोकळा होतो. गोष्ट मात्र तीच.

मला यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो लांडग्याची बडबड. भूक लागली होती, कोकरू समोर होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. तरी तो तीन कारणं शोधतो, कारण त्याला नुसतं खायचं नाहीये, बरोबर ठरून खायचंय. कमजोर माणसाला त्रास देणारा आधी त्याची चूक शोधतो, ही गोष्ट घरात, वर्गात, कचेरीत कुणीही पाहिलेली असते. प्राणिकथा माणसांच्या वागण्याबद्दल सांगतात ते बहुधा अशा जागी, आणि तात्पर्याच्या ओळीत ते क्वचितच मावतं.

प्राणीच कशाला?

हाच प्रश्न जर्मन लेखक लेसिंग याने १७५९ साली बोधकथेवरच्या आपल्या निबंधांत नीट मांडला होता. त्याचं पहिलं उत्तर व्यवहारी आहे. माणसाची गोष्ट सांगायची तर तो कोण, कुठला, कसा स्वभावाचा हे आधी सांगावं लागतं. "लांडगा आणि कोकरू" म्हटलं की कोण बलवान, कोण दुबळं, कोण कुणाला भितं हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं, म्हणून गोष्ट पाच-सहा वाक्यांत संपू शकते. त्याचं दुसरं म्हणणं जास्त मजेशीर आहे: माणसाच्या हालांची गोष्ट ऐकताना आपण इतके हळहळतो की विचार बाजूला राहतो. प्राण्यांच्या बाबतीत हळहळ थोडी कमी असते, त्यामुळे कोण कसं वागलं ते स्वच्छ दिसतं. (हे दुसरं म्हणणं मला अर्धंच पटतं. कोकराबद्दल हळहळ वाटली नाही तर त्या गोष्टीत उरतं काय?)

प्राण्यांच्या मनात हेतू पाहायला आपल्याला शिकवावं लागत नाही, हेही खरं. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पडद्यावर इकडेतिकडे सरकत होते, बस्स. बहुतेक बघणाऱ्यांनी त्याचं वर्णन गोष्टीसारखं केलं: मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्रिकोण त्याला वाचवायला आलाय. जिथे भूमितीच्या आकृत्यांनाही गुंड आणि बळी व्हावं लागतं, तिथे शेपटी आणि डोळे असलेल्या जिवाची काय कथा!

पण प्राण्यांचा मुखवटा वापरण्यामागे एक धारदार कारणही आहे. फीड्रस स्वतः गुलामगिरीतून सुटलेला होता. तो लिहितो की बोधकथा जन्मली ती गुलामाला मनातलं उघड बोलायची हिंमत नव्हती म्हणून. त्याने आपली भावना कल्पित गोष्टींत घातली. इसापविषयी पक्की माहिती फार थोडी आहे, पण इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही त्याला सामोस बेटावरच्या एका माणसाचा गुलाम म्हटलं आहे. सिंहाबद्दल बोलणाऱ्याला राजाच्या शिपायांनी पकडलं, तर तो म्हणू शकतो: मी तर सिंहाबद्दल बोलत होतो.

मुखवटा दुसऱ्या बाजूनेही काम करतो, ऐकणाऱ्यावर. बायबलच्या जुन्या करारातला एक प्रसंग इथे आठवतो, जरी त्यातली मेंढी बोलत नाही. दावीद राजाने आपल्याच सैनिकाची बायको घेतली आणि त्या सैनिकाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान नावाचा संदेष्टा दरबारात आला आणि त्याने एक गोष्ट सांगितली: एका श्रीमंताकडे खूप मेंढरं होती, एका गरिबाकडे एकच, लेकीसारखी वाढवलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापून म्हणाला, हे करणारा माणूस मरणदंडालाच पात्र आहे. नाथान म्हणाला, "तो माणूस तूच आहेस."

राजाला सरळ सुनावलं असतं तर त्याच्याकडे लांडग्यासारखीच तीन कारणं तयार असती. गोष्टीने त्याला आधी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलं, निकाल वदवून घेतला, आणि मग खुर्ची वळवून आरोपीच्या पिंजऱ्यात नेली. चांगली प्राणिकथा हेच करते, फक्त शेवटचं वाक्य बोलत नाही. ते ऐकणाऱ्याने स्वतःशी बोलायचं असतं.

गोष्ट कोण सांगतंय, कुणाला?

बोधकथा म्हणजे मुलांसाठीचं वाङ्मय, हा समज तसा अलीकडचा. ॲरिस्टॉटल वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात बोधकथेचा विचार करतो तो सभेत आणि न्यायालयात वापरायचं हत्यार म्हणून. त्याने दिलेलं एक उदाहरण असं: सामोसमध्ये एका लोकनेत्यावर खटला चालू होता, आणि इसाप त्याच्या बाजूने उभा राहिला. त्याने सांगितलं, की नदी ओलांडताना एक कोल्हा घळीत अडकला आणि त्याला गोचिडांनी घेरलं. साळूला दया आली, ती म्हणाली, काढू का? कोल्हा म्हणाला, नको. यांची पोटं भरली आहेत, आता ती फारसं पीत नाहीत. यांना काढलंस तर नव्या भुकेल्या येतील आणि उरलंसुरलं रक्तही पितील. तसाच माझा हा अशील, इसाप म्हणाला, आधीच श्रीमंत झालेला आहे. हा बचाव निर्लज्ज आहे, आणि मानावं लागेल की गोष्ट झकास आहे. गोष्टीत तथ्य असणं आणि ती चांगल्या कामी येणं या दोन वेगळ्या बाबी आहेत.

जुन्या संग्रहांत तात्पर्य कधीकधी गोष्टीच्या आधी दिलेलं आढळतं. अभ्यासक त्याचं कारण असं सांगतात की ती वक्त्यासाठी खूणचिठ्ठी होती: अमुक प्रकारच्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर ही गोष्ट वापरा. पुढे ती ओळ शेवटी गेली आणि शिकवण बनून बसली.

पंचतंत्रात हा खेळ सर्वांत उघडपणे दिसतो. त्यात गोष्टी लेखक आपल्याला सांगत नाही. प्राणीच एकमेकांना सांगतात, आणि प्रत्येकाचा त्यात काही डाव असतो. पहिल्या तंत्राचं नावच मित्रभेद. वर्धमानक व्यापाऱ्याचा संजीवक नावाचा बैल वाटेत जायबंदी होतो आणि त्याला रानातच मागे सोडलं जातं. तो चरून धष्टपुष्ट होतो, त्याची डरकाळी ऐकून पिंगलक सिंह आधी घाबरतो, मग दोघांची गाढ मैत्री होते. दमनक नावाच्या कोल्ह्याला ही मैत्री सलते, कारण दरबारातलं त्याचं महत्त्व कमी होतं. तो सिंहाचे कान भरू लागतो, आणि कान भरायचं त्याचं साधन म्हणजे गोष्टी.

निळ्या कोल्ह्याची गोष्ट त्यातलीच. निळीच्या पिंपात पडून रंगलेला कोल्हा जंगलाचा राजा होतो, आपल्याच जातभाईंना हाकलून देतो, आणि एके रात्री दुरून कोल्हेकुई ऐकून न राहवून स्वतःही ओरडतो. उघडा पडतो आणि मारला जातो. शाळेत हिचं तात्पर्य "सोंग फार काळ टिकत नाही" असं शिकवतात. दमनकाला मात्र सिंहाच्या मनात वेगळंच ठसवायचं असतं: जो आपली माणसं दूर करून परक्यांना जवळ करतो, तो मरतो. म्हणजे संजीवक हा परका, आम्ही आपले. एका निष्पाप बैलाविरुद्ध ही गोष्ट विषासारखी वापरली जाते आणि काम फत्ते होतं. सिंह बैलाला मारतो, दमनक प्रधान होतो, तंत्र संपतं. दमनकाला शिक्षा होत नाही.

पंचतंत्र हे राजपुत्रांना व्यवहार शिकवण्याचं नीतिशास्त्र आहे, असं त्याची प्रस्तावनाच सांगते, तेव्हा यात नवल नाही. जग कसं चालतं, कोण कान भरतो, कुणावर विश्वास ठेवू नये, हे भावी राजाला कळायला हवं होतं. पण हा शेवट सगळ्यांना पचला नाही. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो राजाच्या काळात बुर्झोय नावाच्या वैद्याने या गोष्टी पहलवी या जुन्या इराणी भाषेत नेल्या आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यांचा अरबी अवतार केला. करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांचे त्यात कलीला आणि दिम्ना झाले. त्या अरबी ग्रंथात एक जादा प्रकरण आहे, जे बहुधा त्याचंच: दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात आणि कैदेतच त्याचा शेवट होतो. चहाडखोर सुखाने नांदतोय हे लिहून सोडून देणं त्याच्या जिवावर आलं असावं.

नंदिविशाल, आणि काही उपकार

आपण दुसऱ्याशी कसं वागतो याचं उत्तर सर्वांत जवळून देणाऱ्या गोष्टी मला जातककथांत सापडतात. पाली संग्रहात ५४७ जातकं आहेत, बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या म्हणून सांगितलेली, आणि त्यांतल्या बऱ्याच जन्मांत ते प्राणी आहेत. त्यांतलं नंदिविशाल जातक मला फार आवडतं.

तक्षशिलेत एका ब्राह्मणाने एक वासरू पोटच्या पोरासारखं वाढवलं. ते बलदंड बैल झालं. आपल्या धन्याचे उपकार फेडावेत म्हणून बैलच त्याला सुचवतो: माझा बैल शंभर भरलेल्या गाड्या ओढतो अशी एक हजाराची पैज लाव. पैज लागते. वाळू, खडी, दगड भरलेल्या शंभर गाड्या एकामागे एक बांधल्या जातात. ब्राह्मण बैलाला न्हाऊ घालतो, गळ्यात माळ घालतो, जोखड चढवतो, वर बसतो आणि आसूड उगारून ओरडतो, "चल रे हरामखोरा, ओढ!" बैल चारही पाय खांबासारखे रोवून उभा राहतो. पैज हरते.

ब्राह्मण घरी येऊन तोंड झाकून पडतो. बैल त्याला विचारतो: इतक्या दिवसांत मी कधी तुमचं एखादं मडकं फोडलं? कुणाला शिंग मारलं? नको तिथे घाण केली? नाही ना? मग मला हरामखोर का म्हणालात? ही चूक तुमची. आता जा, दोन हजारांची पैज लावा, फक्त तो शब्द पुन्हा वापरू नका. दुसऱ्या वेळी ब्राह्मण त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणतो, "चल माझ्या गुणी बाळा." आणि शंभरावी गाडी जिथे पहिली उभी होती तिथे येईपर्यंत बैल ओढत जातो.

यात एक बारकी खोच आहे. ब्राह्मण दुष्ट नाही. त्याने बैलाला प्रेमाने वाढवलंय, माळ घातलीय. तो बैलावर चिडलेलाही नाही. जमलेल्या लोकांपुढे, पैजेच्या ताणात, गाडीवान जसं ओरडतात तसं त्याच्या तोंडून निघून गेलं. बैलाला लागतं ते नेमकं हेच: एरवीचं प्रेम खरं असूनही चारचौघांत मला असं बोललात. मुलांना पाहुण्यांसमोर, हाताखालच्या माणसांना सगळ्यांदेखत, जोडीदाराला मित्रांच्या घोळक्यात आपण काय बोलतो ते आठवलं तर गोष्ट अंगावर येते. बुद्धांनी ही गोष्ट सांगितली तीही इतर भिक्षूंना अपशब्द वापरणाऱ्या सहा भिक्षूंच्या टोळक्यामुळे, असं जातकाच्या प्रस्तावनेत आहे.

उपकाराच्या गोष्टी तर दोन्हीकडे सारख्या सापडतात. इसापकडे लांडग्याच्या घशात हाड अडकतं, करकोचा लांब मान घालून ते काढतो आणि ठरलेली बिदागी मागतो. लांडगा दात विचकतो: माझ्या तोंडातून डोकं शाबूत बाहेर आलं हे काय थोडं झालं? जातकात तोच प्रसंग सिंह आणि सुतार पक्ष्याचा. पक्षी शहाणा आहे, आधी सिंहाच्या जबड्यात काडी उभी करतो आणि मगच आत शिरतो. पुढे एकदा सिंह शिकार खात असताना पक्षी त्याची परीक्षा पाहायला काही मागतो, आणि उत्तर तेच येतं. फरक पुढच्या ओळीत आहे. फीड्रस म्हणतो, दुष्टाकडून मोबदल्याची आशा धरणारा दोनदा चुकतो. जातकातला पक्षी म्हणतो, कृतघ्नाची सेवा व्यर्थ आहे, त्याच्यापासून हळूच दूर व्हावं, मात्र त्याला शिवीगाळ न करता, मनात डूख न धरता. पहिला हिशेब शिकवतो. दुसरा दुखावल्यावर कसं निघून जायचं तेही सांगतो, आणि ते फार कमी गोष्टी सांगतात.

पंचतंत्रातल्या मुंगसाची गोष्टही याच ओळीत बसवावी लागेल. पाळण्यातल्या बाळाला वाचवण्यासाठी मुंगूस सापाला मारतं, रक्ताळलेल्या तोंडाने आईला सामोरं धावतं, आणि ती बाळाला यानेच खाल्लं असं समजून डोक्यावरची घागर त्याच्यावर घालते. मग आत जाऊन पाहते. ही गोष्ट मुंगूस मागे टाकून कुत्र्याच्या रूपात युरोपभर पोचली. वेल्समध्ये लिवेलिन राजाच्या गेलर्ट कुत्र्याची दंतकथा हीच. आणि तेराव्या शतकात स्टीफन ऑफ बूर्बोन या धर्माधिकाऱ्याला फ्रान्समधल्या लियाँजवळ आढळलं, की तिथले खेडूत अशाच मारल्या गेलेल्या गिनफोर नावाच्या कुत्र्याला संत मानून आजारी लेकरं त्याच्या थडग्यापाशी आणत होते. त्याने ती पूजा बंद करायचा हुकूम काढला. त्या धर्माधिकाऱ्याचं नाव आज अभ्यासकांखेरीज कुणाला माहीत नाही, कुत्र्याचं आहे. अन्यायाने मेलेल्याला लोक असं जपून ठेवतात.

या गोष्टी बिघडवतातही

सगळ्याच प्राणिकथा माणूस म्हणून आपल्याला सुधारतात असं मी म्हणणार नाही. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीत भुकेलेला दारात उभा आहे आणि कोठार भरलेली मुंगी त्याला म्हणते, उन्हाळाभर गायलास ना, आता नाच. कष्टाचं महत्त्व शिकवता शिकवता ही गोष्ट टोमणा मारायलाही शिकवते. फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ सालीच हे पकडलं होतं. त्याचं म्हणणं, मुलं गोष्टीत नेहमी वरचढ ठरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवतात. कावळा आणि कोल्ह्याच्या गोष्टीत ती कावळ्याला हसतात आणि कोल्ह्यावर खूश होतात. मुंगीच्या गोष्टीत मुंगी व्हायला बघतात. म्हणजे आपण सांगितला एक बोध, मुलाने घेतला दुसराच. त्याने थेट निकाल दिला की मुलांना बोधकथा देऊच नयेत. निकाल टोकाचा आहे, निरीक्षण अचूक.

दुसरा धोका स्वभावाचा. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, साप कृतघ्न, हे ठरलेलं असतं म्हणून गोष्ट चटकन समजते. आणि नेमकं तेच माणसांना लावलं की घात होतो. बेडकाच्या पाठीवर बसून नदी ओलांडणारा विंचू मध्येच डंख मारतो आणि म्हणतो, काय करू, माझा स्वभावच आहे. ही गोष्ट सर्रास इसापच्या नावावर खपवतात, पण प्राचीन संग्रहांत ती नाही. तिच्यातून "ती माणसं तसलीच" असं म्हणायला किती सोपं जातं पाहा. विंचवाला विवेक नसतो. माणसाला असतो, आणि म्हणून माणसाला विंचू म्हणण्यापूर्वी थांबावं लागतं. विंचू बिचारा नदी ओलांडायला कुणाच्या पाठीवर बसतही नाही.

मग मुलांना सांगायच्या कशा?

याबद्दल थोडं संशोधन झालेलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना दहा-दहा स्टिकर दिले आणि, ज्याला मिळणार नाहीत अशा मुलासाठी त्यातले काही ठेवायचे असतील तर ठेवा, असं सांगितलं. मग काही मुलांना वाटून घेण्याची एक चित्रगोष्ट वाचून दाखवली, ज्यात पात्रं माणसांसारखे कपडे घातलेले प्राणी होते. काहींना तीच गोष्ट, पण पात्रं माणसं. तिसऱ्या गटाला बियांबद्दलचं भलतंच पुस्तक. पुन्हा स्टिकर वाटले तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा हात आधीपेक्षा सैल झाला. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांचा झाला नाही. मात्र प्राण्यांच्या गटातही ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटले, त्यांनी जास्त दिलं.

एका प्रयोगावरून इसापला निवृत्त करायचं कारण नाही. पण कळतं एवढं, की प्राण्यापासून स्वतःपर्यंतचं अंतर लहान मूल आपोआप कापत नाही. दावीदसारखा राजासुद्धा नाथानने बोट दाखवेपर्यंत मेंढीपाशीच थांबला होता. २०१४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात "लांडगा आला रे आला" ऐकवून मुलं जास्त खरं बोलू लागली नाहीत. खरं बोलल्यावर शाबासकी मिळते अशी गोष्ट ऐकवली तेव्हा बोलली. खोटारड्याचा लांडग्याने केलेला फडशा पाहून मूल घाबरत असेल, पण घाबरलेल्याने काय करावं ते त्या गोष्टीत कुठे आहे?

तेव्हा सांगताना तात्पर्य आधी गाळावं. "यावरून काय शिकलास?" हा प्रश्नही नको, त्याला मुलं पाठ उत्तर देतात. बाजू बदलून विचारावं. नंदिविशालाची गोष्ट ब्राह्मणाच्या तोंडून सांग पाहू. मुंगी दार उघडते ती जागा तू बदलशील का, आणि बदललीस तर पुढच्या उन्हाळ्यात नाकतोडा काय करील? मुंगसाची मालकीण घागर खाली ठेवून आधी आत गेली असती तर किती वेळ लागला असता? लहानांसाठी, विशेषतः पाच-सहा वर्षांच्या आतल्यांसाठी, लगेच शेजारी माणसांचा एक प्रसंग ठेवावा: काल खेळताना कोण पाय रोवून उभं राहिलं होतं आणि त्याला कुणी काय म्हटलं होतं?

थोड्या मोठ्या मुलांना एकाच बैठकीत भांडणाऱ्या दोन गोष्टी सांगाव्यात. सिंहाने सोडून दिलेला उंदीर पुढे त्याचं जाळं कुरतडतो, ही एक. थंडीने गारठलेल्या सापाला शेतकरी छातीशी धरून ऊब देतो आणि साप त्यालाच डसतो, ही दुसरी. दोन्ही इसापच्याच. मग मदत करायची की नाही, असं मूल विचारणारच. तिथे घाईने उत्तर न देता महाभारताच्या शांतिपर्वातली तिसरी सांगावी. लोमश नावाचा बोका जाळ्यात अडकला आहे. पलित नावाच्या उंदराला खाली मुंगूस आणि वर घुबड टपून बसलेलं दिसतं. तो बोक्याशी करार करतो: मला तुझ्या कुशीत लपू दे, मी तुझं जाळं तोडतो. मुंगूस आणि घुबड नाद सोडून निघून जातात. बोका घाई करतो, पण पलित शेवटचा धागा पारधी अगदी जवळ येईपर्यंत तोडत नाही, म्हणजे सुटल्याबरोबर बोक्याला पळावंच लागेल. तो दिलेला शब्द पुरा पाळतो. नंतर बोका झाडावरून गोड आवाजात बोलावतो, ये, आपण आता मित्र आहोत. पलित त्याच्या उपकाराचं कौतुक करतो, आपली गरज कशी होती आणि कशी संपली ते एकेक करून समजावतो, आणि बिळातून बाहेर येत नाही.

पलित कृतघ्न की शहाणा, यावर मुलांचे हमखास दोन तट पडतील. पडू द्यावेत. बोक्याच्या बाजूने बोलायला कुणी पुढे येत नसेल तर मोठ्यांपैकी एकाने ती बाजू घ्यावी, आणि जीव ओतून घ्यावी.